जुना विनोद परत सांगावा का? (गजाली, म्हणजे गप्पा, मारणाऱ्यांसाठी)

गजालवाला, कुडाळ
काल इथे एकाने सल्ला दिला: "जुना विनोद वापरायचा तर गावाचं नाव बदला, मेहुण्याचा साडू करा, तीन वर्षं झाकून ठेवा, कुणाला पत्ता लागत नाही." डोकं फिरलं वाचून. अरे, झाकायचं कशाला? आमच्या दशावतारात, म्हणजे जत्रेतल्या नाटकात, संकासुर राक्षस दरवर्षी वेद चोरतो, दरवर्षी भटाची खेचतो. संहिता लिहिलेली नसते, नट उभ्याउभ्या बोलतो. त्यात ज्या गावची जत्रा, तिथली यंदाची भानगड घालतो. पंचायतीत कुणाची जिरली, कुणाच्या विहिरीवरचा पंप कुणी नेला. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसतात. जुनाच सांगा, उघड सांगा, पण समोर कोण बसलंय ते बघा.

रत्नांग्रीकर
संकासुर आमच्या रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यातही आहे, तुमची मक्तेदारी नाही. आणि तो नट आहे, घरातला काका नव्हे! आमचे आतेकाका गणपतीत आरती झाली की मोदकाचा तोच किस्सा काढतात. शेवटची ओळ पोरं आधी म्हणतात. बायका हसतात, कारण पानं वाढायची राहिलेली असतात.

गजालवाला, कुडाळ
पोरांना पाठ आहे, म्हणजे त्यांना हवाय तो. 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच आता काय बोलणार हे माहीत असूनच लोक परत तिकीट काढायचे.

चाकरमानी, परळ
माझा विनोद तर बदलावाही लागत नाही. "मुंबई-गोवा हायवे यंदा गणपतीआधी पुरा होतोय." दरवर्षी हशा.

माणगावची वहिनी
हा नका सांगू. पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटर, काम २०११ ला सुरू झालं. सासऱ्यांना पनवेलला नेताना सलाईनची बाटली मी हातात धरून बसले होते. कोलाड गेलं, नागोठणं आलं, प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या हातातली सुई हलायची आणि ते माझं मनगट आवळायचे. वाचले, पण तुमचा हशा माझ्या कानाला लागतो.

चाकरमानी, परळ
वहिनी, त्याच रस्त्यावर मीही पोरांना घेऊन रात्र काढलीय. हसायचंही नाही का आम्ही?

माणगावची वहिनी
तुम्ही शिमग्याला आणि गणपतीला येता. आम्ही रोज त्या धुळीत आहोत.

चाकरमानी, परळ
म्हणजे आम्ही पाहुणे? घरपट्टी कोण भरतं?

रत्नांग्रीकर
कोकण रेल्वेने या की मग. १९९८ पासून धावतेय.

चाकरमानी, परळ
गणपतीचं तिकीट काढून दाखवा, मग बोला! खिडकी उघडते न उघडते तोच वेटिंग.

गजालवाला, कुडाळ
भांडू नका. विनोद जुना म्हणून वहिनींना टोचला नाही, दुखणं अजून ताजं आहे म्हणून टोचला. नाव-गाव बदलून ते भागत नाही. त्या सल्लेवाल्याला हेच कळलेलं नाही.

रत्नांग्रीकर
एवढं पटलं. आतेकाकांचं नाही पटलं.

चाकरमानी, परळ
बरं, माणगावात नाही सांगत. परळला सांगणार.

माणगावची वहिनी
परळला सांगा. पण हसून झालं की त्याच लोकांच्या सह्या रस्त्याच्या अर्जावर घ्या. आमच्याकडे गावच्या सह्या आहेत, मुंबईच्या कमी पडतात.