‘मॉन्स्टर्स, इन्क.’वरून निघालेली पुस्तके : बालसाहित्य की चित्रपटाची जोडविक्री?

अधोरेखित

पिक्सार स्टुडिओचा ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ हा अ‍ॅनिमेशनपट २००१ साली प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून त्यातल्या सली व माइक या राक्षसांच्या जोडगोळीवरच्या पुस्तकांचा ओघ थांबलेला नाही. २०१३ साली ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’ आल्यावर त्यात आणखी भर पडली. जाड पुठ्ठ्याची बाळपुस्तके, छोट्या चित्रगोष्टी, नुकतेच वाचू लागलेल्यांसाठी सोपी केलेली आवृत्ती, स्टिकरवह्या, कॉमिक्स असे सगळे प्रकार उपलब्ध आहेत. माझे मत स्पष्टच सांगतो : यांतल्या बहुतेकांना पुस्तक म्हणणे हा आपला उदारपणा आहे.

९२ मिनिटांचा चित्रपट पंचवीसेक पानांत कोंबला की कथा जाते आणि गोषवारा उरतो. या चित्रपटातले राक्षसांचे मॉन्स्ट्रोपोलिस शहर मुलांच्या किंकाळ्यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालते, हल्लीची मुले सहजासहजी घाबरत नसल्यामुळे तिथे टंचाई आहे आणि किंकाळ्या गोळा करणारी कंपनी वाचवण्यासाठी तिचा प्रमुख वॉटरनूज मुले पळवून आणण्याच्या कटात सामील आहे. शिवाय मुलाचा नुसता स्पर्शही जीवघेणा असतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत करून दिलेली आहे. एका कर्मचाऱ्याच्या पाठीला चिकटून लहान मुलाचा मोजा येतो, तेव्हा संरक्षक पोशाखातले पथक धावून येते, मोजा स्फोटाने नष्ट करते आणि त्या बिचाऱ्याचे अंगभर केस भादरून टाकते. भीतीवर उभा असलेला कारभार कसा चालतो, हे इतक्या हसतखेळत सांगणारे प्रसंग बालचित्रपटांत फार नाहीत. छोट्या पुस्तकांत हे सारे गळून जाते आणि हाती लागते ते ‘राक्षस प्रेमळ असतात’ एवढेच.

दुसरा मुद्दा बूचा, म्हणजे राक्षसांच्या जगात शिरलेल्या चिमुरडीचा. तिला आवाज देणारी मेरी गिब्ज तेव्हा इतकी लहान होती की तिला एका जागी बसवून संवाद म्हणवून घेणे शक्यच नव्हते. ती खेळत असताना मायक्रोफोन घेऊन तिच्यामागे फिरावे लागले आणि जे मिळाले त्यातून बूचे बोलणे जुळवले गेले. ते बोबडे, अर्धवट, मध्येच खिदळणारे बोलणे कागदावर येणार कसे? पुस्तकातली बू एकतर गप्प असते, नाहीतर ‘बू हसली’ या दोन शब्दांत आटोपते.

कपाटामागचा

पूर्णपणे असहमत. तुम्ही या पुस्तकांना जो निकष लावत आहात, तो चित्रपट समीक्षेचा आहे. ही पुस्तके ज्यांच्या हातात पडतात त्यांना वॉटरनूजच्या कटाशी फारसे कर्तव्य नसते.

अमेरिकेत १९४२ साली लिटल गोल्डन बुक्स ही मालिका सुरू झाली, ती २५ सेंटांत मिळणारे, मुलाने हाताळले तरी टिकणारे पुस्तक घरोघरी जावे म्हणून. चित्रपटांवरून केलेली चित्रपुस्तके त्या मालिकेत गेली कित्येक दशके निघत आली आहेत आणि ‘मॉन्स्टर्स, इन्क.’चे पुस्तकही तीत आहे. अशा पुस्तकाचे काम काय असते? मुलाला गोष्ट आधीच ठाऊक असते, त्यामुळे पुढच्या ओळीत काय असणार याचा अंदाज घेत ते अक्षरांकडे वळते. अनोळखी गोष्टीत अक्षरांशी आणि कथेशी अशा दोन आघाड्यांवर झुंजावे लागते. इथे एक आघाडी आधीच सर झालेली असते.

बूच्या आवाजाविषयी म्हणाल, तर तो वाचून दाखवणाऱ्याने काढायचा असतो. माझ्या भाचीला पुस्तक वाचून दाखवताना मी सरळ आवाजात ‘बू हसली’ असे म्हटले, तर ती मला थांबवते आणि स्वतः हसून दाखवते. छापील ओळ कोरडी आहे खरी, पण त्यामुळेच तिथे तिला जागा मिळते.

तळटीप

आठवणे आणि वाचणे यांत फरक आहे, कपाटामागचा. चित्र पाहून प्रसंग घडाघडा सांगणारे मूल वाचत आहे असे मोठ्यांना वाटते. पुष्कळदा त्याचे बोट एका ओळीवर असते आणि तोंड दुसऱ्याच.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. ही पुस्तके चित्रपटाबरोबरच बाजारात यावी लागतात, म्हणून बहुधा पटकथेचा मसुदा आणि निर्मिती चालू असतानाची चित्रे हाताशी धरून ती लिहिली जातात. लिहिणाऱ्याला पात्र वगळता येत नाही, शेवट बदलता येत नाही आणि प्रत्येक चित्र स्टुडिओच्या मंजुरीतून जाते. डिस्नेच्या अशा अनेक पुस्तकांत चित्रकार म्हणून ‘डिस्ने स्टोरीबुक आर्ट टीम’ एवढाच उल्लेख असतो. ज्या पुस्तकाला चित्रकाराचे नावसुद्धा नाही, त्याच्याकडून दृष्टीची अपेक्षा कशी करावी? सलीच्या अंगावर संगणकाने २३ लाखांहून अधिक केस हलवले होते. छोट्या पुस्तकांत त्यांचा निळा डाग होतो, कारण तो डाग कसा रंगवावा हे ठरवणारा कोणी एक माणूस तिथे नसतो.

पाठपान

दोन्ही बाजू चित्रपटाची नक्कल चांगली की वाईट यावरच अडल्या आहेत. मला वाटते, या विशिष्ट चित्रपटात पुस्तकाला अनुकूल असे जितके आहे तितके फार थोड्या चित्रपटांत असेल, आणि बहुतेक प्रकाशकांनी ते वाया घालवले आहे.

ही सगळी गोष्ट दारांची आहे. प्रत्येक मुलाच्या कपाटाचे दार कारखान्यात आहे, ते चौकटीत बसवून वीज दिली की पलीकडे त्या मुलाची खोली उघडते, आणि शेवटच्या पाठलागात लाखो दारे रुळांवर टांगून फिरताना दिसतात. आता कागदाचे झाकण उचलून आत पाहायची पुस्तके आठवा. तिथे दार उघडायचे की नाही आणि कधी उघडायचे, हे वाचणारे मूल ठरवते. पडद्यावर ती मुभा कोणालाच नसते. रँडल हा खलनायक सरडा रंग बदलून भिंतीत मिसळतो. चित्रपटात तो प्रकट झाला की खेळ संपला, पण पानावर त्याला भिंतीच्या नक्षीत असा दडवता येईल की मूल पाच मिनिटे त्याला शोधत बसेल. चित्रपटातच बूच्या एका चित्रावर ‘मेरी’ असे नाव लिहिलेले दिसते, ते कित्येकांच्या नजरेतून सुटते. थांबून निरखण्याची सोय असलेल्या माध्यमात अशा जागा किती पेरता आल्या असत्या!

शेवटाचेही तसेच. बूचे दार यंत्रात घालून त्याच्या चिरफळ्या केल्या जातात, माइक त्या एकेक करून जोडतो आणि सलीने जपून ठेवलेला एक तुकडा बसवला की दार पुरे होते. सली दार उघडतो, आतून बूचा आवाज येतो, सलीचा चेहरा उजळतो. बू मात्र आपल्याला दिसत नाही. पुस्तक करणाऱ्याने इथे दोघांची गळाभेट रंगवली, तर त्याला चित्रपट कळलेला नाही असे मी खुशाल म्हणेन. मुलाने पान उलटावे आणि समोर फक्त सलीचा चेहरा असावा, इतके साधे आहे ते.

अधोरेखित

पाठपान, तुमचे म्हणणे आवडले, पण त्याने माझ्याच मुद्द्याला बळकटी येते. तुम्ही वर्णन केलेले पुस्तक करायला मोकळीक लागते आणि तळटीप यांनी सांगितले तसे ती कोणाला मिळतच नाही. उलट्या दिशेचा प्रवास पाहा. त्याच २००१ साली आलेला ‘श्रेक’ हा विल्यम स्टाइग यांच्या १९९० सालच्या चित्रपुस्तकावर आधारित होता, आणि अ‍ॅनिमेशनपटांसाठीचे पहिलेवहिले ऑस्कर त्याने ‘मॉन्स्टर्स, इन्क.’ला मागे टाकूनच पटकावले. स्टाइग यांचे पुस्तक चित्रपटाआधीही उभे होते आणि चित्रपट विसरूनही वाचता येते, कारण त्यामागे एका माणसाचा तिरकस हात आहे.

या चित्रपटाशी निगडित पुस्तकांत मी एकच मनापासून जवळ ठेवीन : क्रॉनिकल बुक्सने काढलेले त्याच्या संकल्पनाचित्रांचे पुस्तक. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांच्या मूळ कल्पनेत नायक तिशीतला माणूस होता आणि लहानपणी त्याने वहीत काढलेले राक्षस त्याच्याभोवती घोटाळत होते. सलीला एका टप्प्यावर पायांऐवजी सोंडेसारखे अवयव होते, माइकला हातच नव्हते. राक्षस घडतो कसा, हे अशा कच्च्या चित्रांतून जितके कळते तितके गुळगुळीत पक्क्या चित्रांतून कळत नाही.

कपाटामागचा

ते पुस्तक सुंदर असेलच, पण ते तुमच्या-माझ्यासाठी आहे. चार वर्षांच्या मुलाला माइकचे हात आधी नव्हते याच्याशी काय देणेघेणे?

एका गोष्टीकडे मात्र कोणीच वळले नाही, ती म्हणजे भीती. कपाटाच्या दाराला खरोखर घाबरणारी मुले असतात. चित्रपट आपल्या गतीने पुढे जातो. मुलाने डोळे झाकले तरी आवाज चालूच राहतो. पुस्तक मिटता येते. भाची सुरुवातीला रँडलचे पान आले की दोन पाने एकदम उलटायची, पुढे त्याच्यावर तळहात ठेवून उरलेले चित्र पाहू लागली. त्या पुस्तकातली चित्रे अगदी सुमार आहेत, हे तळटीप यांना आधीच सांगून टाकतो.

तळटीप

सुमार चित्रांचे पुस्तक मुलाच्या उपयोगी पडते, हे मी नाकारलेले नाही. पण त्याच मुलाच्या हाती पाठपान म्हणतात तसे, दार स्वतः उघडायचे पुस्तक दिले असते तर ते रँडलवर हात ठेवून थांबले असते की झाकण उचलून बघितले असते? आहे त्यात मूल रमते, म्हणून ते पुरेसे आहे, हा युक्तिवाद प्रकाशकांना फार सोयीचा आहे.

पाठपान

झाकण उचलले असते, आणि लगेच मिटलेही असते. मग पुन्हा उचलले असते.