जपान ट्रिप मुख्यतः खाण्यासाठी, सोबत शाकाहारी आई. मार्ग आणि खादाडी सुचवा

रानजाई
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटी जपानला जायचं ठरतंय, साधारण दोन आठवडे, मी, नवरा आणि आई. आम्हाला मुख्य ओढ खाण्याची आहे, देवळं बागा किल्ले बघायचेत पण दोन जेवणांच्या मधे जे बसेल तेवढंच, पळापळ करून यादी उरकायची नाहीये. आम्ही दोघं मासे, चिकन, पोर्क सगळं खातो, बीफ नाही. आई शाकाहारी, अंडं चालतं तिला. चालायला ती एकदम ठणठणीत आहे पण सकाळी उठून दुपारपर्यंत उपाशी फिरणं तिला जमत नाही.

टोकियो, क्योटो, ओसाका नक्की आहे. हिरोशिमा आणि फुकुओका करावं का की उगाच ताण होईल? जेआर पास (जपान रेल्वेचा ठराविक दिवसांचा प्रवास पास) घ्यावा का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न आईच्या जेवणाचा, कारण नेटवर एकजण म्हणतो काही प्रॉब्लेम नाही आणि दुसरा म्हणतो भात आणि काकडीवर राहावं लागेल. तिनेही मनापासून जेवावं, आमच्याकडे बघत बसू नये एवढीच इच्छा आहे.

नामदेवांचाओसाका
मी कामानिमित्त ओसाकात राहिलोय त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. टोकियोला उतरा आणि परतीचं विमान फुकुओकाहून घ्या, म्हणजे सगळा प्रवास एकाच दिशेने होतो, मागे यावं लागत नाही. टोकियो, मग ओसाका, मग हिरोशिमा, मग फुकुओका, बास. क्योटोला वेगळा मुक्काम करू नका, नोव्हेंबरअखेर म्हणजे तिथे पानगळीचे रंग अगदी भरात असतात आणि हॉटेलं महाग होतात, ओसाका स्टेशनवरून फास्ट लोकलने क्योटो अर्ध्या तासावर आहे, रोज जाऊन येता येतं.

जेआर पासचं गणित आता जमत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. टोकियो ते शिन-ओसाका शिंकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, सुटं तिकीट १५,००० येनच्या आतबाहेर पडतं, पुढे हिरोशिमा आणि हाकाता (फुकुओकाचं स्टेशन) धरूनही तुमचा एका दिशेचा प्रवास पासपेक्षा बराच स्वस्तात होईल. सुटी तिकिटंच काढा. टोकियोहून निघताना उजव्या हाताची खिडकी मागा, हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. आणि गाडीत चढायच्या आधी स्टेशनवरून एकिबेन घ्या, हे त्या त्या भागाचे डबे असतात आणि शिंकानसेनमध्ये डबा उघडून जेवणं अगदी रीतीचं आहे, तेच शहरातल्या लोकल गाडीत कुणी करत नाही.

हिरोशिमा मुळीच गाळू नका. ओकोनोमियाकी ओसाकात खाल तेव्हा पीठ, कोबी, अंडं सगळं एकत्र कालवून तव्यावर घालतात. हिरोशिमात तसं नाही, तिथे एकावर एक थर लागतात आणि ते समोर बसून बघण्यात अर्धी मजा आहे. आधी तव्यावर पिठाचा पातळ पापुद्रा पसरतात, त्यावर सुकवलेल्या कात्सुओ माशाची पूड भुरभुरवतात, मग कोबीचा एवढा ढीग घालतात की हा सगळा मावणार कुठे असं वाटतं, वर मोड, पातीचा कांदा, पोर्कच्या पातळ चकत्या, आणि मग दोन उलथन्यांनी अख्खा डोलारा एका झटक्यात उलटतात. आता पोर्क खाली तव्याला आणि पापुद्रा झाकणासारखा वर, आत कोबी स्वतःच्याच वाफेवर शिजून बसत बसत निम्मा होतो. शेजारी नूडल्स परततात, त्यावर हा ढीग चढवतात, मग बाजूला अंडं फोडून पसरतात, त्यावर सगळं ठेवून शेवटचं उलटतात आणि वर गोडसर दाट सॉस. काउंटरला बसलात तर ताट नको म्हणा, तव्यावरूनच छोट्या उलथन्याने कापत खा, शेवटचा घासही गरम लागतो. ओकोनोमिमुरा नावाची अख्खी इमारत याच पदार्थाची आहे, प्रत्येक मजल्यावर चिकटून चिकटून छोटी दुकानं. पोर्कशिवायही करून देतात.

पीस मेमोरियल म्युझियमला सकाळ द्या, त्यानंतर लगेच कुठे धावायचं ठेवू नका, मन जड होतं. मियाजिमा दुसऱ्या दिवशी. फेरीने दहा मिनिटं, बेटावर जायला १०० येन कर आहे तो तिकिटातच येतो. तिथल्या समुद्रातल्या लाल तोरीचं, म्हणजे देवळाच्या कमानीचं, भरतीला आणि ओहोटीला अगदी वेगवेगळं रूप असतं, ओहोटीला पायथ्यापर्यंत चालत जाता येतं, त्यामुळे वेळापत्रक बघून जा. हिरोशिमाचे कालवं थंडीतच चांगले भरतात, तुम्ही बरोबर वेळेला जाताय, शेगडीवर शिंपल्यासकट भाजून देतात.

तुळसमंजिरी
आईंच्या जेवणाबद्दल मी लिहिते कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि जपानात अतिशय छान जेवले आहे, त्यामुळे भात काकडीचं ऐकून घाबरू नका. पण एक गोष्ट निघण्याआधी आईंशी बसून ठरवा. दाशी चालणार का? जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, तो बहुतेक वेळा कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि सुकवलेल्या कात्सुओ माशाचे कीस यांचा काढलेला अर्क असतो. मिसो सूप, उदोन नूडल्सचं पाणी, सोबा नूडल्सबरोबरचा सॉस, शिजवलेल्या भाज्या, गोडसर ऑम्लेट, इनारीझुशीची ती तोफूची पिशवी, दिसायला सगळं शाकाहारी आणि सगळ्यात दाशी. मांस नको म्हटलंत तर वेटर मनापासून हो म्हणेल कारण त्यात मांस नसतंच. तुम्ही जे दोन टोकाचे अनुभव वाचलेत ते याच एका गोष्टीमुळे, ज्यांना दाशी चालते त्यांना प्रश्नच येत नाही.

चालत नसेल तर क्योटोत मठांचं जेवण आहे, शोजिन र्‍योरी. कात्सुओ नाही, मांस मासे नाही, कांदा लसूणही नाही, दाशी फक्त कोंबू आणि शिताके मशरूमची. अराशियामाच्या तेनर्‍यूजी देवळात शिगेत्सु म्हणून जागा आहे, आधी बुकिंग करून जा. लाल लाखेच्या छोट्या वाट्यांमधून एकेक पदार्थ येतो, तिळाचा तोफू तर असा की काट्याला उचलावा तर थरथरतो आणि जिभेवर ठेवला की तिळाचा वास नुसता भरून राहतो. तिथेच देवळाची बागही बघून होते, बांबूचं बन मागच्याच दाराला आहे. त्या दिवशी तुम्ही दोघांनीही तेच जेवा, आईंसाठी केलेली तडजोड म्हणून नाही, ते क्योटोतलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं जेवण आहे.

वेळ काढता आला तर कोयासानला एक रात्र मठात राहा, ओसाकाच्या नाम्बाहून गाडी आणि मग केबल कार असं जाता येतं, संध्याकाळचं आणि सकाळचं जेवण असंच शाकाहारी, आणि ओकुनोइन या जुन्या दफनभूमीची शेकडो वर्षांच्या देवदारांमधली वाट बघायलाच हवी. थंडी मात्र चांगली असते तिथे.

टोकियो स्टेशनच्या आतच टीज तानतान म्हणून पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे, तिळाच्या रस्स्यातलं रामेन, शिंकानसेन पकडायच्या आधी तिथेच जेवून घ्या. क्योटोत युदोफु मिळेल नानझेनजीच्या आसपास, भांड्यात कोंबूच्या पाण्यात तोफू असतो पण सोबतच्या सॉसमध्ये कात्सुओ असू शकतो, तो बदलून साधा सोया सॉस मागा. जपानी मिठाई बहुतेक डाळ, तांदूळ आणि साखरेची, त्यामुळे त्यात आईंना मनसोक्त खाऊ द्या. उजी क्योटोहून अर्ध्या तासाच्या आत आहे, तिथे माचा (हिरव्या चहाची पूड) समोर घोटून देतात आणि दहा येनच्या नाण्यावर जे देऊळ आहे ते ब्योदोइन तिथलंच.

काय चालत नाही ते जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा, त्यात मांस, मासे आणि कात्सुओ दाशी असं वेगवेगळं लिहून घ्या. नुसतं शाकाहारी लिहून उपयोग होत नाही.

पोटोबा_आधी
वरचे दोन्ही प्रतिसाद मस्त. बाजारांबद्दल थोडं. टोकियोतला त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला, टूनाचा लिलाव आता तिकडेच होतो. पण खाण्यासाठी जुना त्सुकिजीचा बाहेरचा बाजारच, तो आहे तिथेच आहे. सकाळी आठच्या सुमाराला जा, दुपारी आवरतं घेतात, रविवारी आणि काही बुधवारी बरीच दुकानं बंद असतात. क्योटोच्या निशिकी बाजारात चालता चालता खायचं नसतं, ज्या दुकानातून घेतलंत त्याच्याच समोर उभं राहून संपवायचं आणि काडी, कागद त्यांनाच द्यायचा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, एक पिशवी खांद्याला असू द्या.

बजेटसाठी, मोठं जेवण दुपारी करा. ज्या ठिकाणी रात्री परवडणार नाही तिथेच दुपारी सेट जेवण निम्म्या पैशात मिळतं, फक्त दोनच्या आत पोचा. इझाकायात (जपानी बारमध्ये) न मागता छोटी वाटी येते आणि बिलात तिचे काहीशे येन लागतात, ती तिथली पद्धत आहे, वाद घालू नका. टिप देऊ नका.

नामदेवांचाओसाका यांच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. क्योटोत किमान एक रात्र राहा. दिवसा कियोमिझू, गिओन या भागात पाऊल ठेवायला जागा नसते, फुशिमी इनारी देऊळ रात्रंदिवस उघडं आणि फुकट आहे, पहाटे सहाला त्या तोरींखालून वर चढून गेलात तर खरं काय ते समजतं. ओसाकाहून पहाटे यायचं म्हणजे आईंची झोप जाणार.

रानजाई
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. आईला विचारलं, म्हणाली सूपातला अर्क चालेल, मासा दिसायला नको, म्हणजे बरंच सोपं झालं. शिगेत्सु नक्की आणि क्योटोत एक रात्र पण नक्की. आता फुकुओकाचं कुणीतरी सांगा, याताईंवर (रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांवर) आई काय करेल?

नामदेवांचाओसाका
क्योटोची एक रात्र मान्य, पहाटेचा मुद्दा बरोबर आहे.

याताई आईंसाठी नाहीत, स्पष्टच सांगतो. संध्याकाळी नाकासु आणि तेनजिनच्या रस्त्यांवर गाड्या लागतात, आठ दहा माणसांचं बाकडं, रामेन, याकितोरी, ओदेन, सगळ्यात पोर्क, चिकन नाहीतर मासे, आणि गर्दीत नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही, माणशी काहीतरी मागवावंच लागतं. आईंना आधी हाकाता स्टेशनच्या वरच्या मजल्यांवर जेवू घाला, खूप रेस्टॉरंट आहेत, मग त्यांना हॉटेलवर सोडून तुम्ही दोघं जा. कॅश ठेवा. पाऊस जोराचा असेल तर गाड्या लागतच नाहीत, म्हणून दोन संध्याकाळी हाताशी असलेल्या बऱ्या.

हाकाता रामेन पोर्कच्या हाडांचा पांढरा दाट रस्सा, तुम्हाला चालतंय म्हणून सांगतो. नूडल्स इतक्या बारीक की मिनिटभरात उकडतात आणि तितक्याच लवकर मऊ पडतात, म्हणून वाडग्यात मुद्दाम कमी घालतात. सुरुवातीलाच काता म्हणजे जरा कडक मागा, रस्सा पिऊन टाकू नका, नूडल्स संपत आल्या की काएदामा म्हणून हाक द्या, ताज्या उकडलेल्या नूडल्स तुमच्याच रस्स्यात आणून घालतात, थोडेसेच येन जास्त लागतात.

विमानतळ हाकाताहून मेट्रोने दोन स्टेशनं आहे, त्यामुळे शेवटच्या दिवशीही दुपारचं जेवण शांतपणे करून निघता येईल. आणि हो, मोठ्या बॅगा शिंकानसेनमध्ये ओढत बसू नका, लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर जागा आधी राखावी लागते. हॉटेलच्या काउंटरवर ताक्क्यूबिन सांगा, टोकियोहून ओसाकाच्या हॉटेलवर बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, एका रात्रीचे कपडे पाठीवर घेतले की झालं.