रिसोर्स रूममध्ये दुसरी ते पाचवीची मुलं एकत्र, अध्ययन निष्पत्ती कशा बसवायच्या?

रिसोर्सरूम_कोथरूड:
नमस्कार. मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत स्पेशल एज्युकेटर आहे, विशेष गरजा असलेल्या मुलांना रिसोर्स रूममध्ये, म्हणजे त्यांच्यासाठीच्या वेगळ्या खोलीत शिकवते. माझ्याकडे दुसरी ते पाचवीची मिळून नऊ मुलं येतात, दोघांना ऑटिझम आहे, एकीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), ती बोलत नाही पण समजतं सगळं, काहींना बौद्धिक अक्षमता आणि बाकीच्यांना एलडी, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता. आता शाळेतून सांगितलंय की आयईपीमधलं (प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं) प्रत्येक उद्दिष्ट त्या त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तीला, म्हणजे वर्षाअखेर मुलाला काय यायला हवं त्याला जोडून दाखवा. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीला निष्पत्ती छापलेल्या असतात तिथून सगळ्या उतरवून काढल्या, पण चार इयत्ता आणि मराठी, गणित, परिसर धरून यादी एवढी लांबलीय की फाईल उघडली तरी दमायला होतं. एफएसीपीची (मुलाला रोजच्या व्यवहारातलं काय काय येतं ते तपासायची) चेकलिस्ट भरली की मूल कुठे आहे ते छान कळतं, पण त्याचा चौथीच्या गणिताशी मेळ कसा घालायचा? चौथीतला एक मुलगा २० पर्यंत वस्तू मोजतो आणि वर्गात हजारांच्या बेरजा चालल्यात. त्याला पहिलीचं पुस्तक देऊन मोकळं व्हायचं हे मनाला पटत नाही. कोणी अशी फाईल लावली असेल तर प्लीज सांगा.

पेठेतली_टीचर:
ताई, नाही पटत ते बरोबरच आहे, पहिलीचं पुस्तक दिलं की ते मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर जातं. आधी सगळ्या निष्पत्ती जोडायचा हट्ट सोडा. प्रत्येक विषयातून त्या मुलासाठी वर्षभराच्या तीन-चारच निवडा, ज्यांच्यावर पुढचं उभं राहतं किंवा ज्या घरी-बाजारात रोज लागतात त्या. मग प्रत्येकीचा गाभा शोधायचा. हजारांच्या बेरजेचा गाभा काय, तर दहाचा गठ्ठा होतो आणि पुढच्या घरात जातो. तुमचा मुलगा २० पर्यंत मोजतोय ना, मग काड्यांचे दशक बांधायला लावा, नंतर दहाच्या नोटा आणि एकची नाणी द्या. विषय चौथीचाच, पायरी त्याची. मधल्या पायऱ्या ठरवायला निपुण भारतची (पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानाची) लक्ष्यं फार उपयोगी पडतात, संख्याज्ञान बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षी, १० पर्यंत, पहिलीत ९९, दुसरीत ९९९, तिसरीत ९९९९, म्हणजे तयार जिनाच आहे. एफएसीपी सांगतं मूल कुठल्या पायरीवर उभंय, निष्पत्ती सांगते जायचं कुठे, आणि आयईपीत लिहायची ती फक्त पुढची पायरी.

फाईल मुलागणिक ठेवाच, पण टाचण (शिकवण्याची लेखी तयारी) विषयागणिक करा. परिसरचं उदाहरण देते कारण तिथे हे सगळ्यात सुंदर जमतं. चौथीला शिवचरित्र आहे आणि आपण पुण्यात, लाल महाल मुलांनी बाहेरून तरी पाहिलेला असतो. घटनांचा क्रम सांगता येणं हा गाभा धरला तर एक जण धडा वाचून पाच वाक्यं लिहील, दुसरा शाहिस्तेखान लाल महालात येऊन बसला, महाराज रात्री आत शिरले, खान खिडकीतून निसटला अशी तीन चित्रं ओळीने लावेल, तिसऱ्यासमोर पहिलं चित्र आधीच ठेवायचं आणि पुढचं कुठलं एवढंच विचारायचं. धडा एक, निष्पत्ती एक, कागद तीन. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात निष्पत्तीचा कोड टाकून ठेवा, कोणी बघायला आलं तर वेगळं काही सांगावं लागत नाही.

सिंहगडरोड_ओटी:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, फक्त सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीबद्दल सांगते. तिच्या बाबतीत निष्पत्ती खाली आणायची घाई अजिबात करू नका!! समजतं सगळं असं तुम्हीच लिहिलंय, तर तिला बदल हवाय तो उत्तर देण्याच्या पद्धतीत. निष्पत्तीत "लिहितो" असेल तिथे "निवडून दाखवते" धरा, चार पर्याय मोठ्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लांब लांब लावा आणि तिला बोटाने नाहीतर नजरेने दाखवू द्या, वेळ भरपूर द्या, मधेच तिच्या वतीने उत्तर सांगू नका. पाय टेकलेले आहेत ना आणि टेबल कोपराच्या उंचीला आहे ना एवढं आधी बघा, बसणं डळमळीत असलं की तिची निम्मी ताकद तोल सांभाळण्यातच जाते आणि आपल्याला वाटतं उत्तर येत नाहीये. आयईपीत सवलत (निष्पत्ती तीच, फक्त पद्धत किंवा वेळ वेगळा) आणि अभ्यासक्रमातला बदल (निष्पत्तीच खाली आणणं) हे दोन वेगळे रकाने करा म्हणजे कुठल्या मुलाला काय दिलंय ते स्पष्ट राहील. एलडीवाल्या बऱ्याच मुलांनासुद्धा सवलतच पुरते, धडा वाचून दाखवला की उत्तरं फटाफट येतात.

वारज्याची_आई:
पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा सहावीत आहे, बौद्धिक अक्षमता. आम्हाला वर्षानुवर्षं प्रगतीपुस्तकावर "प्रगती समाधानकारक" एवढंच मिळायचं आणि मुलाला नक्की काय येतं ते घरी कळायचंच नाही. आत्ताच्या मॅडम लिहितात की मदतीशिवाय दहा-दहाच्या नोटा १०० पर्यंत मोजतो, सुटे परत घेताना आठवण करावी लागते. हे वाचून मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला पाठवायला लागले, आता दुकानदारही थांबून त्याला मोजू देतो. तेव्हा ताई, कोड वगैरे शाळेसाठी ठेवा पण आमच्या हातात असं एक वाक्य नक्की द्या. आणि आयईपीची मीटिंग फॉर्मवर सही घेण्यापुरती करू नका, उद्दिष्टं निवडतानाच बोलवा, मुलाला रोज काय लागतं ते आम्हाला माहीत असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं स्पष्ट लिहिलंय, ते नुसत्या "समाधानकारक"मध्ये कसं बसणार?

रिसोर्सरूम_कोथरूड:
खूप खूप आभार सगळ्यांचे, दोन रकाने आजच करते. पेठेतली_टीचर, एक राहिलं, नोंदी किती वेळा ठेवता? रोज नऊ मुलांचं लिहायचं तर शिकवायचं कधी?

पेठेतली_टीचर:
रोज सगळ्यांचं नाही. वारानुसार दोन-दोन मुलं वाटून घ्या, शुक्रवारी एक कमी-जास्त होईल. मुलाच्या नावाच्या कागदावर त्या महिन्याची पायरी वर लिहायची आणि खाली फक्त तीन खुणा, स्वतः केलं, सांगितल्यावर केलं, हात धरून केलं. लागोपाठ "स्वतः" यायला लागलं की पायरी बदला, आणि बराच काळ "हात धरून"च येत असेल तर त्या पायरीचे दोन तुकडे करा. तुमच्या त्या मुलासाठी पहिला कागद "१० काड्या मोजून गठ्ठा बांधतो" असा करा, पुढचा "दोन गठ्ठे आणि सुट्या ४, एकूण किती". शनिवारी वर्गशिक्षकांबरोबर पंधरा मिनिटं बसून पुढच्या आठवड्याचा धडा विचारून घ्या, ते ठरलेलं असलं की कागद करायला वेळ मिळतो.