बेसमेंटचा रिसीव्हर गेला, २८ तारखेच्या आत नवा हवा

अण्णा, हिल्सबरो, न्यू जर्सी (मंगळवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार.

शनिवारी माझ्या बेसमेंटमध्ये सिनेमाला आला होतात त्यांनी पाहिलंच. मध्यंतरानंतर खट् झालं, आवाज गेला आणि पडद्यावरची माणसं नुसती ओठ हलवत राहिली. माई तरीही शेवटपर्यंत बसून होत्या, त्याचं फार वाईट वाटलं. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज आणि प्रोजेक्टरला चित्र पुरवणारी पेटी, २००९ चा. आता चालू केला की दोन सेकंदांत लाल दिवा लुकलुकतो आणि बंद पडतो.

२८ ला माईंची पंच्याहत्तरी माझ्याकडेच आहे, तेव्हा तारीख हलणार नाही. दुकानातला मुलगा म्हणतो नऊ चॅनेलचा (नऊ स्पीकर चालवणारा) घ्या आणि छतात चार स्पीकर बसवा. माझ्याकडे पुढचे तीन, मागचे दोन आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आहेतच, ते बदलायचे नाहीत. फक्त रिसीव्हरसाठी ७०० डॉलरपर्यंत जाईन.

खरी अडचण केबलची आहे. प्रोजेक्टर गेल्या दिवाळीत फोर-के घेतला, पण रिसीव्हरच्या कपाटापासून छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत चित्र नेणारी एचडीएमआय केबल २०१२ ची आहे, ३५ फूट. बेसमेंट करून घेताना पाइप टाकलाच नाही, केबल तशीच ड्रायवॉलच्या (जिप्समच्या भिंतीच्या) आत गेली. नव्या रिसीव्हरला ती चालेल, की भिंत फोडावी लागेल? माहीतगारांनी लवकर सांगा.

अण्णा

---

नाना, एडिसन (मंगळवार, रात्री १०:१५)

अण्णा, नवा घ्यायच्या आधी एक करा. मागच्या बाजूच्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा, एकही ठेवू नका, आणि मग चालू करून बघा. तरी बंद पडला तर आतला अॅम्प (स्पीकरना ताकद देणारा भाग) गेला. चालू राहिला तर दोष वायरीत आहे. तांब्याची एक बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो. ढोल-ताशाच्या वर्षी हॉलवर आपलं हेच झालं होतं, आठवतंय ना?

नवाच घ्यायचा झाला तर वॅट बघून घ्या. ८० पेक्षा १०० केव्हाही बरा.

आणखी एक. २८ साठी मंडळाचे स्पीकर अण्णांकडे नेता येतील का, असा आज आमच्या घरी फोन आला होता. ते माझ्या गराजमध्ये असले तरी मंडळाचे आहेत. पाडव्याच्या कार्यक्रमाआधी ते हलवू नयेत असं कमिटीत ठरलंय. मागच्या वेळी एकाचा स्टँड परत आलाच नाही, तो अजून कुणाकडे तरी आहे.

नाना

---

विनू, प्लेन्सबरो (मंगळवार, रात्री ११:०२)

अण्णाकाका, एवढ्या खटाटोपापेक्षा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा एकच लांबट स्पीकर) घ्या ना! आमच्याकडे टीव्हीला एकच केबल लावली आहे, सगळं त्यातून जातं. रिसीव्हरच घ्यायचा असेल तर ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरला परत आणायची नवी सोय) असलेलाच घ्या. जुन्या, साध्या आर्कवर ब्लू-रेचा पूर्ण आवाज येत नाही, ई-आर्कची वहनक्षमता त्याच्या कितीतरी पट आहे.

---

नाना (बुधवार, सकाळी ६:५०)

विनू, साउंडबार तुमच्या अपार्टमेंटमध्ये ठीक. अण्णांकडे २२ माणसं बसतात आणि मागच्या रांगेत आमच्यासारखी साठी उलटलेली. इतकी वर्षं त्या बेसमेंटमध्ये आपण सिनेमे पाहतोय, तिथला आवाज कसा असतो ते मला माहीत आहे.

---

खजिनदार (बुधवार, दुपारी १२:३०)

मला तीन जणांनी वेगवेगळं विचारलं म्हणून इथेच लिहितो. सभासदाच्या घरच्या वस्तूसाठी मंडळाचे पैसे वापरता येत नाहीत. ज्यांना अण्णांना हातभार लावायचा असेल त्यांनी आपापसात ठरवावं, मंडळाच्या नावाने चेक काढू नये. २८ च्या चहा-फराळाचा खर्च मात्र नेहमीप्रमाणे मंडळ करेल.

---

अण्णा (बुधवार, दुपारी १:०५)

वर्गणी अजिबात नको. हे माझ्या घरचं आहे आणि मला ते करायचंय. नाना, वायरी काढून बघितलं, तरी बंदच पडतो. अॅम्पच गेला. केबलचं कुणीच बोललं नाही.

---

सुलूताई, वेस्ट विंडसर (बुधवार, रात्री १०:४५)

अण्णा, उशीर झाला, आज ड्यूटी होती. लांबलचक लिहिते आहे, पण वाचा, कारण खर्च चुकीच्या जागी होईल अशी मला भीती वाटते.

आधी केबल. २०१२ च्या चांगल्या एचडीएमआय केबलची मजल सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंत. फोर-के, सेकंदाला ६० चौकटी आणि एचडीआर (उजेड-अंधाराचे जास्त बारकावे) एकत्र हवं असेल तर १८ च्या घरातली केबल लागते. म्हणून दुकानात सांगतात की जुनी चालणार नाही. पण सिनेमा ६० चौकटींचा नसतो, २४ चा असतो! फोर-के, २४ चौकटी, एचडीआरसकट, ४:२:२ रंगात (रंगाची माहिती थोडी कमी करून) पाठवलं तर ८.९१ गिगाबिट लागतात. ते १०.२ मध्ये बसतं. आपण शनिवारी सिनेमेच बघतो.

३५ फुटांची तांब्याची केबल तेवढं पेलेलच याची खात्री मी इथे बसून देणार नाही. म्हणून रिसीव्हर घ्यायच्या आधी हे करा. स्ट्रीमिंगचा बॉक्स थेट त्या भिंतीतल्या केबलला जोडा, मध्ये काही नको. सेटिंगमध्ये फोर-के २४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला २४ चौकटी), एचडीआर निवडा आणि एखादा रात्रीचा, काळोखी प्रसंग असलेला सिनेमा पूर्ण दोन तास चालवा. काळ्या भागात पांढरे ठिपके चमकले किंवा पडदा क्षणभर काळा झाला तर केबल थकली. तसं नसेल तर भिंतीला हात लावू नका. नवा रिसीव्हर मध्ये आला तरी बॉक्स २४ वरच ठेवा. क्रिकेटच्या वेळी बॉक्स १०८० वर (फोर-केपेक्षा कमी बारीक चित्रावर) टाकायचा. १०८० ला ६० चौकटी असल्या तरी साडेचार गिगाबिटच्या आत काम होतं.

विनू, ई-आर्कचं तू म्हणतोस ते टीव्हीसाठी बरोबर आहे. बॉक्स टीव्हीला लावून आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे परत आणायचा असतो तेव्हा ते लागतं. अण्णांकडे टीव्ही नाही, प्रोजेक्टर आहे. बॉक्स आणि ब्लू-रे दोन्ही रिसीव्हरलाच लागणार, आवाज तिथेच उतरणार, फक्त चित्र पुढे जाणार. परतीच्या वाटेचा प्रश्नच नाही.

नाना, वॅटचं मला पटत नाही. ८० आणि १०० मधला फरक जेमतेम १ डेसिबलचा, तो कानाला कळत नाही. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला वॅट दसपट लागतात. शिवाय आकडा कसा मोजलाय ते बघायला हवं. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनेल चालू, असं लिहिलेलं असेल तो आकडा धरा. एकाच चॅनेलवर, १ किलोहर्ट्झला, १० टक्के विकृतीसकट मोजलेला मोठा आकडा खोक्यावर छापतात, तो सोडून द्या.

नऊ चॅनेल नकोत. अण्णा, तुमचं छत सात फुटांचं आणि डावीकडे एसीच्या डक्टची पेटी खाली आलेली. छतातले स्पीकर लोकांच्या डोक्याच्या फार जवळ येतील आणि डावीकडचे तर बसवताच येणार नाहीत. तुमच्या खोलीला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) पुरेसं आहे. सात चॅनेलचा रिसीव्हर घेऊन दोन मोकळे ठेवा. डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच (८० वॅट) किंवा यामाहाचा आरएक्स-व्ही६ए (१०० वॅट), दोन्ही तुमच्या कामाचे. जो अधिकृत विक्रेत्याकडे वॉरंटीसकट मिळेल तो घ्या, रिफर्बिश्ड (परत आलेला, तपासून विकलेला) असला तरी चालेल.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. आपण पाहतो त्यातले निम्मे सिनेमे जुने, कृष्णधवल, मोनो (एकाच चॅनेलच्या आवाजाचे). दोन्ही चॅनेलना एकच आवाज असला की रिसीव्हरचा डॉल्बी सराउंड (दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणारी सोय) तो सगळा मधल्या स्पीकरला देतो. म्हणजे संवाद, गाणं, पेटी, टाळ, सगळं त्या एकाच स्पीकरमधून येतं. आणि तुमचा मधला स्पीकर कपाटाच्या खालच्या फळीवर, आत ढकललेला आहे. तो पहिल्या रांगेच्या गुडघ्यांशी बोलतो. माई दर वेळी विचारतात “काय म्हणाला?”, तो त्यांच्या कानांचा दोष नाही. स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि दाराखाली घालतात ती रबरी पाचर त्याच्या पुढच्या कडेखाली सरकवा, म्हणजे तोंड वर, बसलेल्यांच्या कानांकडे होईल. नव्या रिसीव्हरपेक्षा यानेच जास्त फरक पडेल.

सुलू

---

भाऊ, पार्सिपनी (गुरुवार, सकाळी ७:२०)

सुलूताईंनी केबलचं उत्तम सांगितलं. ती चालली नाहीच, तर ऑप्टिकल (काचतंतूंची) एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. मी आमच्याकडे उलटी ओढली, वर प्लास्टर करून घेतलं आणि मग चित्र येईना. सगळं परत उघडावं लागलं. ओढायच्या आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं लावून बघा.

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आम्ही जूनमध्ये कायमचे पुण्याला चाललोय. इथला रिसीव्हर बरोबर न्यावा का?

---

नाना (गुरुवार, सकाळी ८:०५)

भाऊ, मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते बघा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच असेल तर तिकडे २३० वर थेट लावला की गेलाच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर (२३० चे १२० करणारा) लावून चालवणारे आहेत, पण वॉरंटी तिकडे नाही आणि ट्रान्सफॉर्मरचं धूड जागा खातं. माझ्या धाकट्या भावाने कोथरूडला असा लावलाय, दर वेळी आधी ट्रान्सफॉर्मर चालू करायचा आणि मग रिसीव्हर.

---

सुलूताई (गुरुवार, सकाळी ८:४०)

भाऊ, स्पीकर न्या, रिसीव्हर इथे कुणाला तरी द्या. साध्या स्पीकरला भिंतीतली वीज लागतच नाही, ते कुठेही चालतात. सबवूफरला मात्र स्वतःचा अॅम्प असतो. त्याच्या मागे ११५/२३० चं बटण असेल तरच न्या.

---

विनू (गुरुवार, दुपारी १२:१५)

भाऊकाका, तो रिसीव्हर द्यायचा असेल तर आधी मला सांगा. सुलूताईंचं वाचल्यापासून आमच्या हॉलमध्येही नीट ५.१ लावावं असं वाटायला लागलंय.

---

खजिनदार (गुरुवार, दुपारी १:००)

नानांनी म्हटलेला तो स्पीकर-स्टँड माझ्याकडे आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणला होता. २८ ला घेऊन येतो.

---

अण्णा (रविवार, रात्री ८:३०)

मंडळी,

काम झालं. गुरुवारी रात्री बॉक्स थेट जुन्या केबलला लावला. ६० हर्ट्झ आणि एचडीआरला पडदा दर पाच मिनिटांनी काळा पडत होता. २४ वर दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा पूर्ण पाहिला, एक ठिपका नाही. भिंत वाचली.

शुक्रवारी एक्स१७००एच आणला. खोक्यात मोजणीचा माइक (स्पीकरचा आवाज खोलीला जुळवून घ्यायला) आणि पुठ्ठ्याचा एक स्टँड मिळाला, घडी उलगडून उभा करायचा. काल दुपारी नाना आले होते. घर गरम करायची भट्टी बंद केली, फ्रिज बंद केला आणि आठ खुर्च्यांवर कानाच्या उंचीला माइक ठेवत ठेवत मोजणी केली. पहिला माइक माईंच्या खुर्चीवर ठेवला. मोजणीनंतर रिसीव्हरने पुढचे दोन स्पीकर ‘लार्ज’ (खर्जही पेलणारे) धरले होते. ते ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झखालचा सगळा खर्ज सबवूफरला दिला. मधला स्पीकर अडीच डेसिबलने वाढवला.

सुलूताई, रबरी पाचर लावली. हार्डवेअरच्या दुकानात दोनाची जोडी मिळाली, दोन्ही कडांना एकेक. मग माईंना फोन करून बोलावलं, काही न सांगता त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि गेल्या शनिवारचा सिनेमा आवाज गेला होता तिथून पुढे लावला. शेवटपर्यंत त्यांनी एकदाही “काय म्हणाला?” विचारलं नाही. मधे गाणं आलं तेव्हा त्या हलक्या आवाजात बरोबर म्हणत होत्या.

जुना रिसीव्हर नाना पार्ट काढायला घेऊन गेलेत. भाऊ, पुण्याला जाण्याआधी सगळे महिने यायचंच.

२८ ला संध्याकाळी ५:३० ला या, सहाला सुरू करू. बेसमेंटच्या दाराने या, पुढच्या पायऱ्यांवर बर्फ आहे. जास्तीच्या चार खुर्च्या लागतील, कुणी आणू शकेल का?

अण्णा

---

विनू (रविवार, रात्री ८:४५)

खुर्च्या मी आणतो. सहा आहेत.