मदत हवी आहे: एलईडी-पर्ससीन आणि खाडीतला भराव, मोफत वकील कसा मिळवायचा?

रापणकर
मालवण तालुक्यातल्या रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आणि गिलनेटवाल्यांच्या (उभ्या जाळ्याने मासे अडकवणाऱ्यांच्या) सहकारी संस्थेसाठी विचारतो आहे. जानेवारी उलटला तरी पर्ससीनच्या (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) बोटी १२ सागरी मैलांच्या आत जाळी मारताहेत, रात्री मासे ओढायला एलईडीचे प्रखर दिवे लावून मासेमारी चालते. शिवाय खाडीच्या तोंडाशी कांदळवनात चार महिन्यांपूर्वी डंपरने भराव टाकायला सुरुवात झाली. तोंडी तक्रारी भरपूर झाल्या, लेखी एकच. संस्थेला वकिलाची फी झेपणारी नाही.
१) संस्थेच्या नावाने मोफत वकील मिळतो का?
२) दोन्ही विषय पुण्याच्या हरित लवादात (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात) एकत्र नेता येतील का?
३) मोबाइलवरचे व्हिडिओ चालतात का?

कलमदान
संस्थेच्या नावाने अर्ज केलात तर परत येईल. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये व्यक्ती पात्र ठरतात, संस्था नाही. म्हणून मासे विकणाऱ्या किंवा सभासद असलेल्या दोन-तीन बायकांना अर्जदार करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. बाकीच्या पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे, त्यासाठी सहसा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरतं.

अर्ज ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या, नाहीतर तालुका समितीत. निर्णय सात दिवसांत व्हायला हवा. वकिलाबरोबरच कोर्ट फी, टंकलेखन, भाषांतर हेही त्यात येतं, आणि नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. अडलं तर १५१०० वर फोन करा. केंद्राच्या ‘न्याय बंधू’ योजनेतही मोफत काम करणारे वकील नोंदलेले असतात, पण पात्रता तीच, कलम १२ ची.

खरी अडचण पुढे येते. पॅनेलवरचे बरेच वकील फौजदारी आणि कौटुंबिक दाव्यांतले असतात, मासेमारी कायदा त्यांनी उघडलेला नसतो. अर्जातच ‘पर्यावरण किंवा रिट याचिकांचा अनुभव असलेला वकील हवा’ असं लिहा (रिट म्हणजे सरकारी यंत्रणेला आदेश द्या म्हणून उच्च न्यायालयात केलेली याचिका). नाही जमलं तर वकील बदलून मागता येतो.

खारफुटी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एकत्र नेऊ नका. हरित लवाद कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मोजके कायदे आहेत. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ त्यात आहे, त्यामुळे सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचा) भंग, म्हणजे तुमचा भराव, लवादात चालेल. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ त्या यादीत नाही. एलईडीचा मुद्दा घुसडलात की समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेणार.

भरावाचं काम आधी करा. कलम १४ खाली मुदत सहा महिन्यांची, पुढे फार तर ६० दिवस माफ होतात. तुमचे चार महिने गेलेच आहेत. भरपाई मागायची असेल तर कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. उरणच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना २०१५ मध्ये पुण्याच्या खंडपीठाने ९५.१९ कोटी रुपये मंजूर केले होते (जेएनपीटी, ओएनजीसी, सिडको यांच्याकडून). प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, हेही लक्षात असू द्या. कांदळवनासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल जोडा, भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यासकट तो तुमच्या कामाचा आहे.

एलईडी-पर्ससीनसाठी उच्च न्यायालयात रिट. ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, मुंबईला खेटे नकोत. जनहित याचिका करू नका. तुमचा धंदा बुडतो आहे, म्हणजे व्यक्तिगत हितसंबंध आहे, साधी रिट जास्त भक्कम.

रापणकर
धन्यवाद. रिटच्या आधी काय तयारी लागेल?

कलमदान
कारवाई करा असं लेखी मागितलं आणि तरी झाली नाही, हे दाखवावं लागतं. एक तक्रार पुरत नाही. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना प्रत्येक घटनेचं वेगळं पत्र द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. पत्रात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, बोटीचा नोंदणी क्रमांक. ‘समोर खूप बोटी होत्या’ यावर कुणी हलत नाही. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्ससीन परवाना सप्टेंबर ते डिसेंबरपुरताच, हे त्यात लिहा. १२ मैलांपलीकडची एलईडी असेल तर केंद्राचा १० नोव्हेंबर २०१७ चा बंदी आदेश लावा आणि प्रत तटरक्षक दलाला पाठवा.

सोबत माहिती अधिकारात गस्तीनौकेची नोंदवही, पर्ससीन परवान्यांची यादी आणि मासेमारी अधिनियमातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरचे दंडाचे आदेश मागा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. नोंदवहीतल्या गस्तीच्या रात्री आणि तुमच्या पत्रांतल्या तारखा शेजारी मांडल्या की खात्याची निष्क्रियता वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

खारफुटी
व्हिडिओबद्दल: व्हॉट्सॲपवरून फिरलेली फाइल देऊ नका, त्यात मूळ माहिती पुसली जाते. ज्या फोनवर काढलं त्यातच ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ चित्रण करणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, दोन्हींत फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, तिच्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक). लांबून दिसणारा उजेड एकटा पुरत नाही, जनरेटर, दिव्यांचा स्टँड आणि नोंदणी क्रमांक एका सलग चित्रणात हवेत.

आणि कितीही डोकं फिरलं तरी भर समुद्रात बोट अडवून बंदरात ओढत आणू नका. गुन्हा तुमच्या पोरांवर दाखल होतो आणि मग विधी सेवेचा वकील रिटऐवजी जामिनासाठी लागतो.