मदत हवी आहे: चार सीझनचा डेटा उडवला, तरी डिस्क फुल्लच

काटेवाला:
हिंगणघाट रोडला जिनिंग आहे, धर्मकाट्याचा कॉम्प्युटर. सी ड्राइव्ह लाल झाली, ३ जीबी उरली. जुन्या चार सीझनच्या नोंदी उडवल्या, रिसायकल बिन रिकामी केली, जागा जैसे थे. कालपासून दोनदा पावती अडकली. गेटवर गाड्यांची लाइन आहे, लवकर सांगा राजेहो.

सातबारा:
डेटाबेस कोणता? किती जीबीचा? उडवण्याआधी बॅकअप घेतला होता ना?

काटेवाला:
सॉफ्टवेअरसोबत येते तोच डेटाबेस.

पऱ्हाटी:
सोबत तर माउसपॅडही येते भाऊ.

फुकटगुरू:
१ टीबीची एसएसडी डिस्क टाका, विषय संपला. आमच्या कृषी केंद्रात तेच केलं.

हत्तीवाला:
पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर या. व्हॅक्यूम फुल ही सफाईची कमांड मारली की जागा परत.

सातबारा:
व्हॅक्यूम फुल आधी टेबलाची (नोंदींच्या तक्त्याची) नवी प्रत लिहितं, तोवर टेबलाला कुलूप. ३ जीबीत कुठं लिहिणार? अन् त्यांनी पोस्टग्रेसचं विचारलंच काऊन?

हत्तीवाला:
दूरचा उपाय सांगितला.

पऱ्हाटी:
ते सोडा, कापसाचा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की किती कापता तुम्ही?

काटेवाला:
पोराले विचारलं. डेटाबेस मायएसक्यूएल ५.५ आहे. आयबीडेटा१ नावाची एकच फाइल १४२ जीबी. गाडीचे दोन फोटो, भरली अन् रिकामी, डेटाबेसमध्येच जातात. हे सांगायचं राहिलं. बॅकअप पेन ड्राइव्हवर आहे बहुतेक.

फुकटगुरू:
मग ती फाइल डिलीट मारा, आपोआप नवी बनते.

सातबारा:
काटेवाले, हात लावू नका! नवी बनते, पण कोरी. तुमची सगळी टेबलं त्याच फाइलीत आहेत. प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल करणं ५.५ मध्ये डीफॉल्टने बंद होतं, ५.६ पासून चालू झालं. म्हणून ऑप्टिमाइझ टेबल ही टेबल आवळायची कमांड मारूनही ही फाइल आकसणार नाही.

गोदामातून गाठी उचलल्या म्हणून गोदाम लहान होते का? तसंच हे. जागा आत मोकळी झाली आहे, नवे फोटो तिथंच बसतील. इन्फॉर्मेशन स्कीमाच्या (डेटाबेस स्वतःची माहिती ठेवतो त्या जागेच्या) टेबल्समध्ये डेटा_फ्री, म्हणजे आतली मोकळी जागा, पाहा, आकडा बाइटमध्ये येतो.

काटेवाला:
६१ जीबीच्या आसपास निघते.

सातबारा:
मग या सीझनात डेटाबेसला छेडू नका. डिस्कवर दुसरं काय आहे ते हलवा. सीझन संपला की मायएसक्यूएलडम्प या बॅकअपच्या टूलने पूर्ण डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. रूटीन्सचा पर्याय लावा, नाहीतर प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) सुटतात. तो डम्प दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून पाहा, मगच जुनं काढून वेगळ्या फाइलींची सेटिंग चालू करून पुन्हा भरा. जाणता माणूस सोबत घ्या. वीज जायची वेळ टाळा.

फुकटगुरू:
म्हणजे बाहेरची डिस्क घ्याच लागली ना? मी तेच म्हणत होतो.

काटेवाला:
पोराच्या डाउनलोडमध्ये लग्नाचे व्हिडिओ सापडले, ३८ जीबी. हलवले. पावत्या सुरू झाल्या. पेन ड्राइव्ह मात्र अजून सापडला नाही.

पऱ्हाटी:
ओलाव्याचं सांगितलंच नाही भाऊ.

वजनमाप:
आमच्या काट्यावर पावतीचा प्रिंटर अर्धाच कागद काढते, कोणाले माहीत आहे का?