मदत हवी आहे : लांब पल्ल्याच्या टार्गेट रायफलसाठी स्कोप, रविवारच्या आत ठरवायचंय

चांडलरकर

नमस्कार मंडळी. हजार यार्डांच्या टार्गेट रायफलसाठी स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) घ्यायचा आहे. शोधून शोधून दोनवर आलोय. एक अ‍ॅथलॉन एरीस ईटीआर ४.५-३०×५६ (फर्स्ट फोकल प्लेन, म्हणजे आतल्या नेमखुणा झूमबरोबर लहानमोठ्या होतात; माप मिलमध्ये), दुसरा व्हॉर्टेक्स गोल्डन ईगल १५-६०×५२ (सेकंड फोकल प्लेन, म्हणजे खुणा तेवढ्याच राहतात; माप एमओएमध्ये. मिल आणि एमओए ही दोन्ही कोनाची मापं). दुकानातला माणूस म्हणतो पहिला घ्या, रेंजवर शेजारी झोपणारे म्हणतात दुसरा. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येकाचं वेगळंच. सेल रविवारी रात्री संपतोय. बंदूक कशाला हवी, या विषयावर कृपया इथे चर्चा नको, त्यासाठी वेगळा धागा काढा. कोणता घेऊ एवढंच सांगा.

ओहायोचा_अण्णा

पहिला. फर्स्ट फोकल प्लेन आणि मिल, यात विचार करण्यासारखं काही नाही. झूम कितीही ठेवा, रेटिकलवरची (आतल्या नेमरेघांवरची) खूण तेवढंच माप दाखवते. गोळी डावीकडे ०.४ मिल पडलेली दिसली की तेवढंच उजवीकडे धरायचं आणि पुढची सोडायची. मी प्रिसिजन रायफल मॅचेस खेळतो. तिथे दर स्टेजला अंतर बदलतं आणि घड्याळ चालू असतं. सेकंड फोकलवाला माणूस झूम कमी करतो, खुणांचं माप बदलतं, आणि तो गडबडतो. हे नेहमी बघतो मी.

सरेकर

कॅलिबर कोणतं? मॅच कोणत्या प्रकारची? रेंज कुठली? हे कळल्याशिवाय उत्तर देणारा अंदाजाने बोलतोय.

आमच्याकडे इंग्लंडात बिस्लीच्या रेंजवर टार्गेट रायफल प्रकारात ३०० ते १००० यार्ड मारतात आणि तिथे दुर्बिणीला परवानगीच नाही, मागे पीप (बारीक भोक) आणि पुढे रिंग. मॅच रायफलला स्कोप चालतो आणि ती स्टिकलडाऊन रेंजवर १२०० यार्डांपर्यंत जाते. एफ-क्लास, म्हणजे स्कोप आणि टेकू लावून झोपून मारायचा प्रकार, पुन्हा वेगळा. तिन्हींची गरज वेगवेगळी, म्हणून विचारतोय.

नेमबाज_कोल्हापूर

भावा, स्कोपच्या नादाला लागू नकोस. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत स्कोप नसतोच. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य घेतलं ते पीप साईटवर. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते उघड्या भोकातून बघून मारायचं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली तीही अशीच. पाया पक्का करायचा तर एअर रायफलपासून सुरुवात कर, श्वास आणि ट्रिगर तिथेच शिकायला मिळतो.

चांडलरकर

@नेमबाज_कोल्हापूर, दोघांबद्दल अभिमान आहेच, पण माझा प्रकार तो नाही.

@सरेकर, रेंज फीनिक्सची बेन अ‍ॅव्हरी. रायफल .३०८. आता सांगा.

मैत्रेयी_टेक्सास

.३०८ आणि बेन अ‍ॅव्हरी म्हणजे एफ-क्लासच असणार. त्यातला एफ-टीआर गट ना? बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून? असेल तर पहिला प्रश्न वजनाचा. एफ-टीआरमध्ये रायफल, बायपॉड, स्कोप धरणाऱ्या रिंगा, स्कोप सगळं धरून ८.२५ किलोची मर्यादा आहे. तुमची रायफल स्कोपशिवाय किती भरते? आणि अ‍ॅक्शनवरची रेल (बंदुकीच्या यंत्रणेवर स्कोप बसवायची पट्टी) सपाट आहे की २० एमओएने तिरकी? या दोन गोष्टी सांगा, मग बोलू.

ओहायोचा_अण्णा

.३०८ कशाला? ६.५ क्रीडमूर घ्या, हजार यार्डांवर वारा खूप कमी ढकलतो.

मैत्रेयी_टेक्सास

अण्णा, एफ-टीआरला .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन ही दोनच कॅलिबर चालतात. ६.५ आणलं तर एफ-ओपन या दुसऱ्या गटात जावं लागेल. तिथली माणसं फ्रंट रेस्टवर १० किलोपर्यंतच्या रायफली घेऊन बसतात. त्यांनी स्कोप विचारलाय, रायफल नाही.

श्रीरंग_ट

सध्या व्हिसा कोणता आहे? एच-१बी वर असाल तर स्कोपच्या आधी हे बघा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. पुष्कळ मराठी मुलं मित्राबरोबर रेंजवर जातात आणि त्यांना हे माहीतच नसतं. वकिलाला विचारून मगच पुढे जा.

चांडलरकर

ग्रीन कार्ड आहे, तो प्रश्न नाही. पण माहिती महत्त्वाची, इतरांना उपयोगी पडेल.

@मैत्रेयी, हो, एफ-टीआर. बायपॉडसकट ७.१ किलो. रेल सपाट. २०० ग्रेनची गोळी, २६२० फूट प्रति सेकंद. बजेट दोन हजार डॉलर. आता तरी कोणता?

मैत्रेयी_टेक्सास

मग वजनावरच निम्मं ठरलं. ईटीआर ३६.५ औंसाचा, म्हणजे एक किलोच्या थोडा वर. रिंगांचे दीडपावणेदोनशे ग्रॅम धरा. ७.१ मध्ये मिळवलं की ८.२५ ओलांडली. मॅचच्या सकाळी तराजूवर रायफल ठेवल्यावर हे कळलं तर काय करणार? बायपॉड बदलणार की स्टॉक तासणार? गोल्डन ईगल साडेआठशे ग्रॅमच्या आत आहे, तो बसतो.

आता रेल. २०० ग्रेनच्या गोळीला १०० यार्डांच्या झीरोपासून (नेम तिथेच गोळी, अशा जुळणीपासून) १००० यार्डांपर्यंत ३२ ते ३५ एमओए वर चढावं लागतं. १५-५५ किंवा १५-६० जातीच्या, ३० मिमी नळीच्या स्कोपमध्ये एलेव्हेशनचा (नेम वर-खाली सरकवण्याचा) एकूण प्रवास ५५ एमओएच्या आसपास असतो. सपाट रेलवर झीरो साधारण मध्यावर येतो, म्हणजे वर जायला साडेसत्तावीसच उरतात. हजारावर पोचण्याआधीच टरेट (नेम सरकवायची नॉब) अडकणार. २० एमओएची तिरकी रेल लावली की वर साडेसत्तेचाळीस आणि खाली साडेसात, दोन्हीकडे पुरेसं. ३४ मिमी नळीत प्रवास जास्त असतो म्हणून दुकानदाराने पहिला सुचवला असेल, पण ही अडचण रेल बदलूनही सुटते आणि त्यात वजन वाढत नाही.

ओहायोचा_अण्णा

वजनाचा मुद्दा मान्य. पण सेकंड फोकल आणि एमओए घेण्याचं कारण अजून कुणी दिलेलं नाही. फर्स्ट फोकलचं रेटिकल जाड होऊन टार्गेट झाकतं, असं सगळे सांगतात. हिशोब करा. ०.०३ मिलची रेघ १००० यार्डांवर जेमतेम एक इंच. एक्स रिंग (सगळ्यात आतलं वर्तुळ) ५ इंचांची. कुठे झाकतं?

सरेकर

अण्णांचा हिशोब बरोबर आहे, झाकण्याचा मुद्दा फुगवून सांगितला जातो. कारण वेगळं आहे. एफ-क्लासच्या टार्गेटवर वर्तुळं एमओएत बसवलेली आहेत : हजार यार्डांवर एक्स अर्ध्या एमओएची, दहाची रिंग एका एमओएची, नऊची दोन. खाली बट्समधून (टार्गेटखालच्या खंदकातून) टार्गेट वर येतं, गोळी लागली तिथे चकती लावलेली असते. चकती दहाच्या रेघेवर दिसली की मनात थेट अर्धा एमओए येतो, भाषांतर करावं लागत नाही. शिवाय क्लिक, म्हणजे टरेटची एक पायरी. ०.१ मिल म्हणजे हजारावर ३.६ इंच, पाव एमओए म्हणजे २.६ इंच, १/८ एमओए म्हणजे १.३ इंच. पाच इंचांच्या वर्तुळात ग्रुप मध्यावर आणायचा असेल तर ३.६ इंचांची उडी फार मोठी. अंतर मॅचभर एकच असतं, त्यामुळे झूम बदलला तरी रेटिकलचं माप टिकतं हा फर्स्ट फोकलचा मोठा फायदा इथे वापरलाच जात नाही.

ओहायोचा_अण्णा

०.०५ मिलच्या क्लिकचे स्कोपही मिळतात. आणि उद्या यांना प्रिसिजन मॅच खेळावीशी वाटली तर दुसरा स्कोप घ्यायचा का?

सरेकर

हो, घ्यायचा. दोन वेगळे खेळ आहेत.

पक्षीमित्र_नाशिक

६० पट मोठं दिसत असेल तर नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला असा स्कोप उपयोगी पडेल का? स्पॉटिंग स्कोपपेक्षा स्वस्त पडतो का?

मैत्रेयी_टेक्सास

@पक्षीमित्र, नाही. रायफल स्कोपला डोळा लेन्सपासून तीन-साडेतीन इंच लांब, एकाच जागी ठेवावा लागतो, दृश्य अरुंद असतं आणि मध्ये रेटिकल. पक्ष्यांसाठी स्पॉटिंग स्कोपच घ्या.

देसाई_मडगांव

माझा पुतण्या अमेरिकेत आहे. तो येताना बॅगेत स्कोप घेऊन आला तर चालेल का? नुसती काच आहे, बंदूक नाही.

श्रीरंग_ट

@देसाई, अजिबात आणायला सांगू नका. रायफल स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियमांत येतात, परवान्याशिवाय बाहेर नेला तर पुतण्या अडचणीत येईल. नुसती काच म्हणून सोडत नाहीत.

वाळवंटी_वारा

मी बेन अ‍ॅव्हरीवरच मारतो, म्हणून एका गोष्टीवर थोडं विस्ताराने लिहितो. मिराज.

फीनिक्सला सकाळच्या पहिल्या रिलेत (फेरीत) टार्गेट कोरल्यासारखं दिसतं. ऊन चढलं की जमीन तापते आणि स्कोपमध्ये काळं वर्तुळ उकळायला लागतं. कडा वितळतात, एक्स रिंग मधूनच दिसेनाशी होते. ६० वर ठेवलंत तर उकळणंही तेवढंच मोठं दिसतं. आमच्याकडे दहा वाजून गेले की बहुतेक जण २५ ते ३५ च्या मध्ये उतरतात. १५-६० घेतलात म्हणून ६० वापरायचं नसतं, खाली यायला जागा आहे हे महत्त्वाचं. म्हणूनच ४० किंवा ४५ ला फिक्स असलेला स्कोप मी इथल्या रेंजवर सुचवणार नाही, काच कितीही चांगली असली तरी.

आणि मिराज हा नुसता त्रास नाही. वारा डावीकडून उजवीकडे वाहत असला की तापल्या हवेच्या लाटाही तशाच धावतात. वारा थांबला की सरळ वर उकळतात, आणि तो क्षण फार फसवा, कारण बहुतेक वेळा पुढच्या काही सेकंदांत वारा उलटा फिरतो. माझा नियम : सरळ उकळताना ट्रिगर दाबायचा नाही. मला वारा वाचायला जो काही शिकवला तो या लाटांनीच, झेंड्यांनी नाही. झेंडे उशिरा बोलतात. टार्गेटच्या थोडं अलीकडे फोकस केलेला स्पॉटिंग स्कोप शेजारी ठेवला तर लाटा अजून स्वच्छ दिसतात, त्यामुळे दोन हजारांतले थोडे त्यासाठी राखून ठेवा.

तापलेल्या बॅरलमधूनही मिराज उठतो आणि तो थेट लेन्ससमोरून जातो. बॅरलवर कापडी पट्टा ताणून लावतात तो त्यासाठीच.

ओहायोचा_अण्णा

हे चांगलं लिहिलंय. आमच्याकडे एवढं ऊन नसतं, त्यामुळे ३० पटीवर मला कधी अडलं नाही.

चांडलरकर

@वाळवंटी_वारा, तुम्ही कोणता वापरता?

वाळवंटी_वारा

नाईटफोर्स कॉम्पिटिशन १५-५५×५२, क्लबातल्याच एकाकडून जुना घेतला. नवा तुमच्या बजेटच्या वर जाईल. तुमचा गोल्डन ईगल त्याच जातीचा आहे, आमच्या फळीत दोघांकडे आहे, त्यांची तक्रार ऐकलेली नाही.

पण सेलच्या मागे लागू नका. शनिवारी रेंजवर या, दोन्हींतून बघा. दहा वाजेनंतर बघा, सकाळी सात वाजता सगळेच स्कोप सुंदर दिसतात. पॅरलॅक्सची नॉब फिरवताना डोकं किंचित वर-खाली करा, रेटिकल टार्गेटवरून सरकायचं थांबलं की ती जागा. ही जागा सहज सापडते की चाचपडावं लागतं, हे विकत घेण्याआधी हाताने कळायला हवं.

मैत्रेयी_टेक्सास

आणि कुठलाही घेतलात तरी मॅचआधी उंच टार्गेटची परीक्षा घ्या. १०० यार्डांवर मोठा कागद लावा, ओळंबा सोडून उभी रेघ आखा, खालच्या टोकाला नेम धरून पाच गोळ्या. मग टरेट ३० एमओए वर फिरवा आणि त्याच खालच्या ठिपक्यावर नेम धरून पुन्हा पाच. दुसरा ग्रुप बरोबर ३१.४ इंच वर आणि रेघेवरच पडला पाहिजे. कमी-जास्त पडला तर टरेट खोटं बोलतंय. रेघ सोडून बाजूला गेला तर स्कोप रिंगांत तिरका बसलाय. आमच्याकडे नवीन माणूस लोडवर (काडतुसातल्या दारूच्या मापावर) महिनोन्‌महिने घालवतो आणि ही अर्ध्या दिवसाची परीक्षा घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने, १५ ते १८ इंच-पाउंड. हाताच्या अंदाजाने आवळू नका, नळी चेपते.

नेमबाज_कोल्हापूर

एवढ्या हिशोबात मारायचं कधी? तरी वाचतोय सगळं, थांबू नका. आमच्या पोरांना दाखवणार आहे हा मिराजवाला प्रतिसाद, त्यांना ५० मीटरवरही उन्हाळ्यात हाच त्रास होतो.

चांडलरकर

सगळ्यांचे आभार. शनिवारी दहानंतर रेंजवर येतो, @वाळवंटी_वारा, व्यनि (खासगी निरोप) केलाय. सेल गेला तर गेला. २० एमओएची रेल आत्ताच मागवतोय, गोल्डन ईगल घेतला तर ती लागणारच.

मैत्रेयी_टेक्सास

थांबा, अ‍ॅक्शन कोणती? रेमिंग्टन ७०० च्या भोकांची आहे का? शॉर्ट की लाँग? रेल त्यावर ठरते.

चांडलरकर

७०० चीच भोकं, शॉर्ट अ‍ॅक्शन. स्टीलची घेऊ की अ‍ॅल्युमिनियमची?

मैत्रेयी_टेक्सास

अ‍ॅल्युमिनियम. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रायफलीचे सुटे भाग पुन्हा एकदा वेगवेगळे मोजा आणि आकडे इथे टाका.